पलटणीतलं काम कंपनीला कळेल असं कसं सांगायचं: पेन्शनवर येणाऱ्या जवानांसाठी

तिन्ही दलांतून दरवर्षी साधारण ६०,००० जण निवृत्त होतात. त्यातले बहुतेक शिपाई, नायक, हवालदार या हुद्द्यांवरून पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, आईवडिलांची औषधं असतात. पेन्शन आधार देते, पण तेवढ्यावर भागत नाही. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, अमुक एमआयडीसीत गेटवर माणूस पाहिजे, आणि बारा तासांची ड्यूटी सुरू होते.

गेटवरचं काम कमी दर्जाचं मुळीच नाही. पण ज्यानं शेकडो नगांचं भांडार सांभाळलं, तीस-चाळीस गाड्यांचा ताफा चालता ठेवला, दरवर्षी नवी पोरं शिकवून तयार केली, त्यानं फक्त दुसरं काही सांगता आलं नाही म्हणून गेटवर उभं राहावं, हे मला पटत नाही. अडचण बहुतेकदा मुलाखतीच्या आधीच होते. बायोडेटात युनिट, हुद्दा, पोस्टिंगांची यादी आणि 'प्रामाणिक व मेहनती' एवढंच असतं. चाकणच्या कारखान्यातल्या पंचविशीतल्या एचआरवाल्या मुलीला सीक्यूएमएच म्हणजे तुकडीचं भांडार सांभाळणारा हवालदार, हे ठाऊक नसतं, आणि विचारायला तिला वेळ नसतो. तिला कळेल ते एकच: तुम्ही कोणतं काम केलं, किती मोठं होतं, आणि ते कसं पार पडलं. तेच कसं लिहायचं, ते इथे क्रमानं सांगतो.

घरी येण्याआधीचं वर्ष

तयारी रिलीजच्या तारखेनंतर सुरू केली तर उशीर झालेला असतो. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे, म्हणजे डीजीआरतर्फे, सेवेच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्यांसाठी अभ्यासक्रम चालतात. अर्ज युनिटमार्फत जातो, त्यामुळे साहेबांच्या ऑफिसात वेळेवर विचारा. कोर्स निवडताना गावाजवळचं केंद्र बघण्याचा मोह होतो, आणि इतकी वर्षं बाहेर काढल्यावर तो होणारच. तरी आधी दहा-पंधरा नोकरीच्या जाहिराती वाचा. ज्या कामाच्या जाहिरातींत त्या प्रमाणपत्राचं नाव येतं, तोच कोर्स घ्या.

एमटीतल्यांनी, म्हणजे वाहन विभागातल्यांनी, जड वाहनाचं सिव्हिल लायसन्स नोकरीत असतानाच हातात घ्यावं. केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र, ग्रेडिंग, पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या नोंदींचे आदेश) यांच्या प्रती काढून ठेवा. नंतर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि डिस्चार्ज बुक यांच्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का तेही आत्ताच बघा. 'पाटील' एकीकडे एका स्पेलिंगनं आणि दुसरीकडे वेगळ्या स्पेलिंगनं असेल, तर कंपनीची पडताळणी तिथेच अडते.

शिक्षणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे बरेच जण अडकतात. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला पदवी लागणाऱ्या काही सरकारी गट क पदांसाठी पात्र धरलं जातं. त्यासाठी मिळणारं प्रमाणपत्र सरकारी भरतीत फार मोलाचं आहे. खाजगी कंपनीत मात्र ते पदवी म्हणून चालत नाही. बायोडेटात 'पदवीधर' असं लिहिलंत आणि पडताळणीत विद्यापीठाची गुणपत्रिका मागितली, तर हातची नोकरी जाईल. 'दहावी, १५ वर्षांच्या सेवेवर पदवी समकक्षता प्रमाणपत्र, सरकारी पदांसाठी' असं सरळ लिहा. हातात तीन-चार वर्षं असतील तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून खरी पदवी करून घ्या. पीस स्टेशनची, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणची, पोस्टिंग त्यासाठीच वापरावी.

आधी वही, मग बायोडेटा

थेट बायोडेटा टाइप करायला बसू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पोस्टिंगला दोन पानं द्या. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, जसं सुचेल तसं. प्रत्येक पोस्टिंगसाठी हेच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या ताब्यात काय होतं? माझ्या हाताखाली किती जण? रोज, आठवड्याला, महिन्याला मी नेमकं काय करायचो? मी रजेवर गेलो की काय अडायचं? तपासणी कोण करायचं आणि तिचा निकाल काय लागला? मी येण्याआधी काय बिघडलेलं होतं, आणि मी गेलो तेव्हा काय सुधारलं होतं?

रजेवर गेल्यावर काय अडायचं, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं निघतं. तुमची खरी जबाबदारी तिथे दिसते.

एका हवालदाराचं उदाहरण देतो. त्यांच्या बायोडेटात तीन वर्षांच्या नेमणुकीबद्दल एकच ओळ होती: 'सीक्यूएमएच म्हणून ड्यूटी चोख बजावली.' शेजारी बसून विचारत गेलो.

"किती माणसांचा माल तुमच्याकडं?"
"कंपनीचा. एकशेवीसच्या आसपास."
"माल म्हणजे काय काय?"
"रेशन, कपडे, बूट, तंबू, बिछाने, भांडीकुंडी, हत्यारांचं सामान... सगळंच की."
"हिशेब?"
"लेजर. महिन्याला मोजदाद, वर्षाला बोर्ड."
"बोर्डात कधी काही कमी निघालं?"
"एक चमचा पण नाही."
"आणि पलटण हलली तेव्हा?"
"दोनदा हलली. सगळा स्टोअर बांधून रेल्वेनं नेला, उतरवून पुन्हा लावला."

एवढ्यावरून बायोडेटात चार ओळी उतरल्या:

'सुमारे १२० जणांच्या तुकडीचं रेशन, कपडे व साधनसामग्रीचं भांडार ३ वर्षं स्वतंत्रपणे सांभाळलं.
आवक-जावकीची नोंद, दरमहा प्रत्यक्ष मोजणी आणि किमान साठा संपण्याआधी मागणी नोंदवणं ही कामं केली.
तिन्ही वार्षिक तपासण्यांत साठ्यात तूट नाही.
संपूर्ण भांडार रेल्वेनं दोनदा नव्या ठिकाणी हलवून पुन्हा चालू केलं.'

वेअरहाऊसच्या मॅनेजरला याचा शब्दन् शब्द कळतो. यात 'कंपनी'ऐवजी 'तुकडी' मुद्दाम घातलंय, नाहीतर वाचणाऱ्याला ती एखादी खाजगी फर्म वाटते. आणि आकडा आठवत नसेल तर 'सुमारे' लिहा, फुगवू नका. मुलाखतीत तीच ओळ धरून खोदून विचारतात, आणि फुगवलेलं दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

कुणी कुठं बघावं

ट्रेडवाल्यांचं काम तुलनेनं सोपं आहे. स्टोअरकीपर आणि क्वार्टर मास्टरकडचे लोक: गोदाम, साठा नियंत्रण, खरेदी विभाग. इथे टॅली किंवा एखाद्या ईआरपी प्रणालीचा छोटा कोर्स जोडला की वजन येतं. क्लार्क: कारखान्यातलं टाइम ऑफिस, हजेरी-पगारपत्रक, प्रशासन. एमटी हवालदार: ट्रान्स्पोर्ट कंपनी, शाळा किंवा आयटी पार्कच्या बसताफ्याचं नियोजन. लॉगबुक, डिझेलचा हिशेब, ब्रेकडाऊन कमी ठेवणं हे सगळं तुम्ही केलेलंच आहे. ईएमई (लष्कराचं यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारं दल) आणि नौदलाचे तांत्रिक लोक देखभाल विभागात जातात. पण इलेक्ट्रिशियन असाल तर राज्याचा वायरमन किंवा पर्यवेक्षक परवाना काढून घ्या, त्याशिवाय तुमच्या अनुभवाला कागदावर किंमत नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, आलेल्यांना बांधकाम साइटवर सुपरवायझर म्हणून चांगली मागणी असते. सिग्नलवाल्यांनी टेलिकॉम टॉवर, फायबर आणि कंट्रोल रूमकडे बघावं.

नर्सिंग असिस्टंटनी सावध राहावं. लष्करी रुग्णालयातला अनुभव कितीही मोठा असला तरी नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय स्टाफ नर्सचं पद मिळत नाही. कारखान्यातलं प्रथमोपचार केंद्र किंवा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था हा खुला रस्ता आहे.

आता जनरल ड्यूटीवाले. "आम्ही काय, रायफलवालेच," असं म्हणून हे लोक स्वतःच मागे सरतात, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यांच्याशीच. सेक्शन कमांडर म्हणजे दहा माणसांच्या कामाची, तब्येतीची, शिस्तीची आणि रजेची रोजची जबाबदारी. कारखान्यात लाइन सुपरवायझर याहून वेगळं काय करतो? सेंटरमध्ये इन्स्ट्रक्टर होतात? मग तुम्ही प्रशिक्षक आहात: न शिकलेल्या मुलाला ठरलेल्या आठवड्यांत ठरलेल्या पातळीवर आणणं, दर टप्प्यावर चाचणी घेणं, मागे पडलेल्याला वेगळा वेळ देणं. किती बॅचेस, दर बॅचला किती मुलं, पहिल्या प्रयत्नात किती पास, एवढं लिहा. मेस कमांडर होतात? शंभर-दीडशे जणांचं दोन वेळचं जेवण, किराणा, गॅस, स्वच्छता आणि तक्रारी म्हणजे कँटीन व्यवस्थापन. गार्ड कमांडर आणि क्यूआरटीत (तातडीनं धावून जाणाऱ्या पथकात) होतात? मग गार्डची नोकरी मागू नका, सिक्युरिटी सुपरवायझर किंवा असाइनमेंट मॅनेजरची मागा: ड्यूटी रोस्टर, प्रवेश नियंत्रण, घटनेचा अहवाल, आगीची रंगीत तालीम या शब्दांत.

औद्योगिक सुरक्षा अधिकारी व्हायचं मनात असेल तर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका बघा. तिला आधी विज्ञान शाखेची पदवी किंवा अभियांत्रिकी पदविका लागते, तेव्हा फी भरण्याआधी पात्रता तपासा. फायरचे सहा महिन्यांचे कोर्स विकणारे बरेच असतात, आणि त्यातल्या सगळ्यांच्या कागदाला कंपन्या मान देत नाहीत.

कागदावर काय, काय नाही

दोन पानं, बस्स. वर नाव, गाव-जिल्हा, मोबाइल, ईमेल. त्याखाली तीन ओळींत तुम्ही कोण आणि काय शोधताय: 'भांडार व साठा व्यवस्थापनाचा ९ वर्षांचा, एकूण २२ वर्षांच्या लष्करी सेवेचा अनुभव. पुणे किंवा सातारा परिसरात गोदाम पर्यवेक्षक पदाच्या शोधात.' मग अनुभव, अलीकडचा आधी. सगळ्या पोस्टिंगा सारख्या लांबीच्या नकोत. ज्या नोकरीसाठी अर्ज करताय तिच्याशी जुळणाऱ्या नेमणुकीला सहा ओळी, बाकीच्यांना एकेक. त्यानंतर कोर्सेस, शिक्षण, भाषा, संगणक.

उंची, छाती, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय काढून टाका. हुद्दा एकदाच लिहा आणि शेजारी त्याचा अर्थ द्या: 'हवालदार, कनिष्ठ पर्यवेक्षक पातळी'. पदकांची पूर्ण रांग नको. शौर्यपदक किंवा कमेंडेशन कार्ड असेल तर जरूर लिहा, तेही ते कशाबद्दल मिळालं त्या एका ओळीसह. डिस्चार्ज बुकातला चारित्र्याचा शेरा 'एक्झेम्प्लरी' असेल तर तो शेवटी लिहा. शिक्क्यासह मिळालेला असा दाखला सिव्हिलमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसतो.

वहीतून बायोडेटा इंग्रजीत नेताना घरातल्या शिकलेल्या मुलीची, भाच्याची मदत जरूर घ्या. बऱ्याच घरांत हे काम वहिनीच करतात, आणि चांगलं करतात. मात्र प्रत्येक इंग्रजी ओळ तुम्हाला स्वतःला वाचून समजावता आली पाहिजे. सायबर कॅफेवाल्याकडून तयार साच्यातला बायोडेटा घेऊ नका. त्यातली भारदस्त वाक्यं एचआरनं शंभर वेळा वाचलेली असतात.

जे लिहायचं नाही

युनिटची तैनाती कुठे होती, किती कुमक होती, कोणती उपकरणं कुठे बसवली होती, एखाद्या मोहिमेत काय झालं, यातलं काहीही बायोडेटात, लिंक्डइनवर किंवा मुलाखतीत नको. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. 'उत्तर सीमेवरील अतिउंच भाग', 'सीमाभाग' एवढं पुरेसं आहे. रडार दुरुस्त करायचात तर 'इलेक्ट्रॉनिक उपकरणांची देखभाल व दुरुस्ती' लिहा, रडारचा प्रकार लिहू नका. लिंक्डइनवर नोकरीची गोड ऑफर देऊन लष्करी माहिती काढून घेणारे खोटे खातेदार असतात. मुलाखतीच्या नावाखाली कुणी जुन्या युनिटबद्दल प्रश्न विचारू लागलं तर बोलणं तिथेच थांबवा. फोटो साध्या शर्टातला लावा, वर्दीतला नको.

दारं कुठली ठोठवायची

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवणं हे पहिलं काम. माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथूनच मिळतं आणि नोकरीची नोंदणीही तिथेच होते. लष्करातल्यांसाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन आहे, हवाई दलाचा आणि नौदलाचा स्वतःचा प्लेसमेंट कक्ष आहे. राज्यात महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षेच्या नेमणुका देतं. डीजीआरचे रोजगार मेळावेही भरतात. तिथे वीस प्रती आणि दोन वेगवेगळे बायोडेटा घेऊन जा: एक सुरक्षा पर्यवेक्षणाचा, दुसरा तुमच्या खऱ्या ट्रेडचा.

सुरक्षा क्षेत्रातच जायचं ठरलं, तर २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्था कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे इतरांना १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण लागतं, माजी सैनिकांना ४० आणि १६ तास पुरतात. एजन्सी पूर्ण कोर्सची फी सांगत असेल तर हे दाखवा.

सरकारी भरती सोडू नका. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांत त्याच पातळीवर १४.५ टक्के. केंद्राच्या गट क पदांसाठी वयातून सेवेची वर्षं वजा करतात आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असलं तरी चालतं. परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागते, त्यामुळे गणित आणि इंग्रजीचा सराव रिलीजआधी सुरू करा. आणि नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणारा कुणीही असो, अगदी जुना पलटणवाला असला तरी, पैसे देऊ नका.

मुलाखत

सैनिकाला 'मी' म्हणायची सवय नसते. "आम्ही केलं, आमच्या पार्टीनं केलं." पलटणीत हे बरोबरच आहे. समोरच्याला मात्र तुमचा वाटा ऐकायचा असतो. सांघिक यश सांगा, आणि लगेच जोडा: "त्यात माझ्याकडे अमुक काम होतं." आरशासमोर नको, बायकोसमोर किंवा मुलासमोर बोलून बघा. जिथे त्यांना कळलं नाही, तिथे एचआरलाही कळणार नाही.

तीन प्रश्न हमखास येतात. पहिला: "तुम्हाला ऑर्डर द्यायची सवय, इथे कामगार ऐकतील का?" यावर शिस्तीचं व्याख्यान नको, एक घटना सांगा. नवा पोरगा वारंवार उशिरा यायचा, मी चौकशी केली तेव्हा घरची अडचण निघाली, साहेबांशी बोलून रजा मिळवून दिली, नंतर तो वेळेवर यायला लागला. असं प्रत्येकाकडे असतंच. दुसरा: "तुमचा बॉस तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, चालेल?" याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे: अॅकॅडमीतून नुकत्याच आलेल्या तेविशीतल्या लेफ्टनंटच्या हाताखाली तुम्ही पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन काम केलंय, त्याला मान दिलाय आणि वेळ पडल्यावर सल्लाही दिलाय. हे शांतपणे सांगा.

तिसरा पैशाचा. "तुम्हाला पेन्शन आहेच की," असं म्हणून पगार कमी सांगतात. पेन्शन ही केलेल्या सेवेची आहे, पगार या कामाचा. भांडू नका, एवढंच म्हणा: "या पदाला बाहेरच्या उमेदवाराला जो पगार देता, तोच मला अपेक्षित आहे." त्यासाठी त्या भागातला चालू दर आधी दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा. पेन्शनचा आकडा सांगायची गरज नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. शिरवळ, रांजणगाव, कागल, वाळूज इथल्या बऱ्याच कारखान्यांत पर्यवेक्षक पातळीची मुलाखत मराठी-हिंदीतच होते. स्वतःची ओळख आणि शेवटचं काम इंग्रजीत चार वाक्यांत सांगता आलं तरी पुष्कळ. 'जी सर' दर वाक्याला नको. आणि माहीत नसेल तर "हे मला माहीत नाही, शिकून घेईन," असं सरळ म्हणा.

अग्निवीरांसाठी वेगळं

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या मुलांचं गणित निराळं आहे. चार वर्षं सेवा, साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही, आणि नियमित सेवेत घेतले जाणार ते २५ टक्क्यांपर्यंत. बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वर सांगितलेलं आरक्षण गृहीत धरू नका. अग्निवीरांसाठी त्या त्या भरतीत जी सवलत जाहीर होते तेवढीच मोजा.

तुमचा बायोडेटा एकच पान. वय कमी आहे ही तुमची जमेची बाजू. तुमची स्पर्धा नुकत्याच आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी झालेल्या मुलांशी आहे, आणि त्यांच्याकडे नसलेला चार वर्षांचा खरा कामाचा अनुभव तुमच्याकडे आहे. सेवा संपताना मिळणारं कौशल्य प्रमाणपत्र नीट वाचा आणि त्यातले शब्द जाहिरातीतल्या शब्दांशी जुळवून लिहा. इग्नूनं अग्निवीरांसाठी केलेल्या पदवी कार्यक्रमात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. त्यात नाव घातलं नसेल तर युनिटच्या शिक्षण हवालदाराकडे या आठवड्यातच चौकशी करा. सेवानिधीतून गाडी घेण्याआधी उरलेल्या पदवीची आणि एखाद्या परवान्याची फी बाजूला काढून ठेवा.